टिटुसने माझा जोडीदार कापला

मी एक जुनी नारा आहे. वाळवंटातल्या कोरड्या कुईसेब नदीच्या मुखाशी, समुद्राच्या अलीकडे, वाळूच्या टेकाडावर माझे झुडूप पसरले आहे. मला पाने नाहीत. हिरव्या फांद्या आहेत, काटे आहेत आणि हंगामात काटेरी, गोल फळे आहेत. मित्रांनो, आधीच सांगते, ही गोड गोष्ट नाही. मला एका माणसाचा सूड हवा होता. तो मिळाला, पण माझे समाधान झालेले नाही.

एका कोल्ह्याने फळ खाल्ले आणि बी इथे टाकले, तिथून माझी सुरुवात. मूळ खाली जात राहिले, पाणी लागेपर्यंत. वर समुद्राकडचा वारा वाळू आणायचा. ती माझ्या काट्यांत अडकायची, मला पुरायची. मी तिच्यातून डोके वर काढायची, की पुन्हा नवी वाळू यायची. टेकाड असे उभे राहिले. तुम्ही प्रवासी त्याचे फोटो काढता आणि वाऱ्याचे कौतुक करता. वारा नुसता हमाल आहे. टेकाड आम्ही बांधले.

आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. नारामध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी. तो माथ्यावर होता, समुद्राच्या बाजूला. मी खाली, उतारावर. त्याला फळ कधी लागले नाही, पण फुले जवळजवळ वर्षभर असत. भुंगेरे ती फुले खायला येत आणि परागाने माखून माझ्याकडेही डोकावत. धुक्याच्या सकाळी काळे किडे त्याच्याजवळ डोके खाली, पाठ वर करून उभे राहत. पाठीवर जमलेले पाणी ओघळून त्यांच्या तोंडात जाई. दुपारी सरडे त्याच्या सावलीत सरकत. आमचा संसार असा होता.

हे टेकाड डोर्थियाच्या घराचे आहे. तिच्या आईचे होते, त्याआधी आजीचे. फळे पिकली की ती गाढवांची गाडी घेऊन येई आणि लांब काठीने एकेक फळ ढोसून बघे. सहज सुटले तर घेई, नाही तर राहू देई. घरी गर पिंपात शिजवून वाळूवर ओतायचा, सुकला की त्याच्या पोळ्या गुंडाळून ठेवायच्या. वर्षभर घर त्यावर चाले. जाताना ती माझ्याकडे वळून म्हणे, "छान धरलंस गं यंदा."

टिटुस तिच्या बहिणीचा मुलगा. शहरातून गाडीत प्रवासी भरून वाळवंट दाखवायला आणतो. टेकाडाच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून तिथे तंबू ठोकायची परवानगी त्याने मावशीकडे मागितली.

"ठोक," ती म्हणाली. "पण झुडपाच्या काट्यालासुद्धा हात लावायचा नाही."

"मावशी, मी काय परका आहे?"

परका असता तर बरे झाले असते. पाहुण्यांना तंबू आवडले, पण माथ्यावरच्या झुडपामुळे मावळता सूर्य दिसत नाही अशी एकाने कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी टिटुस कुऱ्हाड घेऊन माथ्यावर चढला. त्याने माझा जोडीदार बुडापासून तोडला, फांद्या ओढत खाली नेल्या आणि संध्याकाळी त्यांच्या जाळावर मांस भाजले. तो धूर माझ्या अंगावरून गेला. सगळ्यांनी सूर्यास्त पाहिला. टाळ्याही वाजवल्या.

बातमी कळताच डोर्थिया आली. बुंध्यापाशी उभी राहिली. टिटुस घाईघाईने म्हणाला, "अगं, त्याला फळं कुठं येत होती? फळवालीला मी हात तरी लावलाय का?"

"तुझ्या बापालाही फळं लागत नव्हती, टिट्या. त्याला कुणी तोडला होता का?"

पाहुण्यांना भाषा कळली नाही, पण टिटुसचे कान लाल झाले ते दिसले.

त्या वर्षी भुंगेरे फिरकले नाहीत. माझी फुले उमलली आणि तशीच गळली. हंगामात डोर्थिया काठी घेऊन आली, तेव्हा ढोसायला काही नव्हते. तिने काठी आडवी ठेवली आणि बराच वेळ बसून राहिली. घरी पोळ्या नाहीत म्हणजे नातवंडांना वर्षभर नुसती मक्याची लापशी. गाडी रिकामी परत गेली. चाकांचा तो मोकळा खडखडाट मी विसरणार नाही.

मग वाऱ्याचे दिवस आले. माथ्यावरची वाळू ज्याने धरली होती तो राखेत गेला होता. एका दुपारी माथाच सुटला आणि उतारावरून तंबूंवर कोसळत राहिला. खरे सांगायचे तर काम वाऱ्याचे होते. पण ती वाळू माझ्या फांद्यांतून गेली, तेव्हा तिचा एकही कण मी मनापासून अडवला नाही. खांब वाकले, कापड फाटले. पाहुणे तोंडाला फडकी लावून गाडीत जाऊन बसले आणि टिटुस एकटा थाळीने वाळू उपसू लागला.

डोर्थिया गाडी घेऊन आली, पण खाली उतरली नाही.

"मावशी, फावडं दे ना!"

"कशाला? सूर्य दिसत नाही का?"

"चेष्टा नको गं. पाहुणे बघतायत."

"बघू दे की. बघायलाच आलेत. पडदा तूच काढलास."

फावडे गाडीतच होते. ते तिने दिले नाही. मित्रांनो, त्या दुपारी मला जे सुख झाले, ते कुठल्याही धुक्याने दिले नव्हते.

चार दिवसांनी टिटुस टोपी हातात घेऊन तिच्या दारात गेला. त्याला तिच्याच दुसऱ्या टेकाडाचा आडोसा हवा होता. दुसरीकडे कुणी जागा देत नव्हते. तिने जागा दिली, पण अट घातली. माझी फुले उमलतील तेव्हा नदीकाठच्या लांबच्या नराची फुले आणायची आणि माझ्या एकेका फुलावर हाताने घासायची.

"मी? भुंगेऱ्याचं काम करू?"

"भुंगेऱ्याला कुऱ्हाड चालवता येत नाही. तुला दोन्ही जमेल."

तेव्हापासून तो येतो. पाहुणे खाली बसून हसतात, फोटो काढतात. तो काट्यांत हात घालून फूल शोधतो. मी त्याला कधी रिकाम्या हाती पाठवत नाही, रक्त काढतेच. एकदा एका फुलामागे छोटे फळ धरलेले त्याला दिसले आणि तो लहान मुलासारखा ओरडला, "मावशी, धरलं गं!" त्या क्षणी मी थोडी विरघळले होते. मग त्याच्या नखात काटा मोडला. तो मी मुद्दाम मोडला असे समजा.

डोर्थियाच्या घरी पुन्हा पोळ्या सुकतात, पूर्वीपेक्षा कमी. टिटुसने माथ्यावर बिया पेरल्या आहेत. त्यांतून नर निघेल की मादी, हे फुले आल्यावरच कळेल. "तोपर्यंत सुटका नाही का गं?" असे त्याने विचारले, तेव्हा डोर्थियाने गाढवांना हाक दिली आणि निघून गेली.

मित्रांनो, तुम्ही आमच्याकडे जरूर या. पण जे तुम्हाला निरुपयोगी वाटते त्याच्या भरवशावर कोण जगते, हे आधी तिथल्या माणसाला विचारा. तोडल्यावर विचारून भागत नाही. आणि माझ्या उतारावर रक्ताळलेल्या बोटांनी फुले घासणारा माणूस दिसला, तर त्याला हसू नका. तो हक्क डोर्थियाचा आहे, आणि माझा.