रिकाम्या तळहाताचा वास

बाजाराच्या लोखंडी कमानीखाली दादाने नाक वर केले आणि जाहीर केले, "आला! वास आला!"

धाकट्या बहिणीने मान डोलावली नाही. ती रोगनिदान प्रयोगशाळेत काम करत असे आणि आतुर माणसाच्या साक्षीला पुरावा मानत नसे. हिवाळ्यातल्या तापाने दादाची वास घेण्याची शक्ती हिरावून नेली होती. तो चहाच्या कंपनीत टी-टेस्टर, म्हणजे हुंगून-चाखून चहाची पारख करणारा. नाकावरच त्याचे पोट. वास परत आला की नाही, हे सोमवारी मालकांना सांगायचे होते. "नाही" म्हटले तर गोदामाची देखरेख नशिबी येणार होती. उगाच "हो" म्हटले तर चांगल्या चहाची माती होणार होती.

"खरंच येतोय की यावासा वाटतोय म्हणून येतोय, ते तू सांग," तो हळूच म्हणाला. "तुला शंकासुर म्हणतो ते काय उगीच?"

शतकापूर्वी बांधलेल्या त्या दालनात शेतकरी आजही आपापला माल स्वतःच विकायला बसत. पोत्यांच्या घासण्याने दगडी ओटे मधोमध खोलगट झाले होते. अशाच एका ओट्यावर पालेभाज्यांच्या ढिगामागे एक मावशी बसल्या होत्या. बहिणीने दादाला डोळे मिटायला लावले आणि एक जुडी त्याच्या नाकाशी धरली.

"शेपू!"

"बाद. मावशी आत्ताच 'शेपू घ्या' म्हणून ओरडल्या."

"आता ओरडायचंसुद्धा नाही का?" मावशी फणकारल्या.

दुसऱ्या खेपेस त्याने पुदिना अचूक ओळखला. तोही बाद झाला, कारण पुदिन्याचा गारवा नाकातल्या वेगळ्याच मज्जातंतूला कळतो. वास गेलेल्या माणसालाही तो जाणवतो.

"तुझ्या सासरचे कसे दिवस काढतात गं?" दादाने मिटल्या डोळ्यांनीच विचारले.

तिसऱ्या खेपेस तिने नुसताच रिकामा तळहात पुढे केला. काहीच नसताना तो काय सांगतो, हे पाहिल्याशिवाय बाकीच्या उत्तरांना अर्थ नव्हता. दादाने बराच वेळ हुंगले. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि मग हळूहळू विरली.

"लसूण," तो म्हणाला.

"दादा, हात रिकामा आहे."

त्याने डोळे उघडले. तळहाताकडे पाहिले.

मावशींनी मात्र ओट्यावरून वाकून तिचे मनगट धरले आणि बोटे नाकाशी नेली. "रिकामा कसला? लसूणच की हा! आणि माझ्याकडचा नव्हे."

बहिणीने स्वतः हुंगून पाहिले. तिला काहीच कळले नाही. सकाळपासून त्या वासाची सवय झालेल्या नाकाला कळणारही नव्हते. पहाटे तिने चटणीसाठी गड्डाभर लसूण सोलला होता आणि साबणाने दोनदा हात धुऊन ती गोष्ट विसरूनही गेली होती. दादा तर थेट स्टेशनवरून आला होता; त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. प्रयोगाची मांडणी सपशेल चुकली होती आणि निकाल त्याहून चोख मिळूच शकला नसता.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत," ती म्हणाली. पण बोटे तिने पुन्हा एकदा हुंगून पाहिली.

"मग नको काढूस. सोमवारी जाऊन मीच सांगतो."

तो पुढच्या ओट्याकडे निघालाही होता. पेरूंवर नाक टेकवून उभा राहिला तेव्हा विक्रेता खेकसला, "घ्यायचेत का नुसतेच हुंगायचेत?"

"हुंगायचेत," दादा अगदी मनापासून म्हणाला, आणि बहिणीने पिशवी उघडून विक्रेत्यापुढे धरली.