हवालदाराचे बूट

"आठवड्यातून दोनदा मटण असतं, वहिनी. पोटभर. वाढणारा हात आखडत नाय."

चिमाजी हवालदार ओट्यावर बसून सांगत होता. दाराच्या आत नवसाबाई शेवंतीच्या माळा ओवत बसली होती. तिचा हात थांबला. थंडी किती असते, एवढंच तिने विचारलं होतं, आणि उत्तर मटणाचं आलं होतं.

"मटणाचं कळलं," ती म्हणाली. "थंडीचं सांगा की."

"कपडे देतात ना. असले जाड कोट, असले मोजे. आपल्याकडं पैसे टाकूनबी मिळायचे नाय."

एवढं बोलून त्याने मांडीवरचा फोटोंचा अल्बम ललितपुढे सरकवला. फोटोत बर्फ होता, बर्फात उभी राहिलेली माणसं होती, त्यांच्या हातात चहाचे मग होते आणि सगळी हसत होती. ललित त्या अल्बममध्ये नाक खुपसून बसला. धाकटा रोहित, चौदा वर्षांचा, थोरल्याच्या खांद्यावरून डोकावत होता. नवसाबाईने दोघांकडे पाहिलं आणि सुई जरा जोरातच फुलात घुसवली.

तिला हा माणूस पहिल्यापासून पटत नव्हता. चिमाजी वीस वर्षं फौजेत काढून गावी परतलेला. बायको वारलेली, मूल नाही, भावाच्या घरामागच्या खोलीत एकटा राहायचा. आदल्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली आणि मखमलाबादच्या पोरांच्या अंगात वारं शिरलं. तेव्हापासून रोज सकाळी हवालदार तोंडात शिटी धरून पाटाच्या भरावावर उभा राही, आणि तीसेक पोरं पाटाच्या कडेच्या रस्त्याने ऊर फुटेस्तोवर धावत. पोरं त्याला उस्ताद म्हणत. ललित सतरा सरून सहा महिने झालेला, त्यात बारावीचा इंग्रजीचा पेपर बुडवलेला. त्याला तर उस्तादाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

नवसाबाईने वीस वर्षं नाशिकच्या फुलबाजारात काढली होती. पाटी भरताना ताजी फुलं तोंडाशी लावायची आणि कालची तळाला सारायची, हे तिच्या बोटांना झोपेतही जमे. यात काही पाप आहे असं तिला वाटत नसे, सगळेच तसं भरत. गिऱ्हाईकाला शंका असेल तर त्याने पाटीत हात घालावा, कोणी हात धरला होता त्याचा? पण या धंद्यामुळे एक झालं होतं. गोड बोलणारा माणूस भेटला, की याच्या तळाशी काय असेल हाच विचार आधी तिच्या मनात येई.

"पोरामागं काहीतरी सुटत असंल त्याला," बाजारात शेजारी बसणारी कुसाबाई म्हणाली. "फुकट कोण कोणासाठी तडफडतं?"

नवसाबाईला हे पटलं. तिने नवऱ्याला, निवृत्तीला, चौकशीला पिटाळलं. निवृत्ती गावभर विचारून आला आणि म्हणाला, "अगं, तो एक रुपया घेत नाय. उलट पोरांना पदरचे गूळ-शेंगदाणे वाटतो."

दुसरी कोणी असती तर निवांत झाली असती. नवसाबाईची शंका मात्र दुप्पट झाली. पैसे खाणाऱ्या माणसाचं दुखणं निदान कळतं. हा काहीच खात नाही, म्हणजे याला हवंय तरी काय?

मग ती त्याच्यावर डोळा ठेवून राहिली. आठवडाभरात दोन गोष्टी तिच्या ध्यानात आल्या. पोरांना पळवणारा हा माणूस स्वतः कधीच पळत नाही, भरावावरच उभा असतो. आणि त्याच्या पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट कधी सुटत नाहीत. शनिवारी मारुतीला येतो, पण पायरीखालूनच हात जोडतो. कोणाच्या घरी बोलावलं तर ओट्यावरच टेकतो आणि "इथंच बरं" म्हणतो. आंघोळ तरी बूट घालूनच करतो का काय, असं ती कुसाबाईला म्हणाली आणि दोघी हसल्या.

तेवढ्यात देवळालीला भरती निघाली. ललित धावण्यात पहिल्या दहात आला, छाती भरली, डॉक्टरी तपासणीत पास झाला, लेखी परीक्षाही निघाली. पोरगं उड्या मारत घरी आलं ते एक कागद घेऊनच. वय अठराच्या आत, म्हणून वडिलांची संमती हवी होती. निवृत्तीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि बायकोपुढे ठेवला. "तुझी आई म्हणंल तसं," तो म्हणाला. आयुष्यभर अवघड जागी आला की तो हेच म्हणत आला होता.

"आई, चार दिवसांत कागद द्यायचाय," ललित म्हणाला. "नायतर माझी जागा दुसऱ्याला जाईल."

नवसाबाईने कागदाची घडी घालून तो देवाच्या फोटोमागे ठेवला.

"सही होईल. रविवारी हवालदारांना जेवायला बोलव. एवढं मटणाचं कौतुक हे तर मटणच करते. पण जेवायचं आत बसून. त्यांना म्हणावं, आईला तुमच्याशी बोलायचंय, मग सही."

रविवारी मटणाचा वास गल्लीभर सुटला. चिमाजी आला, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि सवयीने ओट्यावर बसला.

"इथंच वाढा, वहिनी. मला मांडी घालायला जमत नाय."

"पाय लांब करून बसा, आमची काय हरकत नाय. पण बूट काढून आत या."

चिमाजी हसला. "राहू द्या ओ. बुटांची सवय झालीय."

"हवालदार," नवसाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "मी फुलं विकते. पाटीच्या तोंडाशी ताजा माल लावते, तळाला शिळा. माझ्या या हातांनी लावते, म्हणून मला कळतं. इतके महिने तुम्ही माझ्या पोराला पाटीचं तोंड दाखवताय. मटण, कोट, रेल्वेचा पास, पेन्शन. सगळं खरं असंल. मला तळ दाखवा, मी आत्ता सही करायला लावते. माझा शब्द हे."

चिमाजीचं हसू विरलं. त्याने ललितकडे पाहिलं. "पोराला जरा बाहेर पाठवा."

"तो कशाला बाहेर जाईल? जायचंय त्यालाच."

चिमाजी वाकला आणि त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. एकेक बूट काढून त्याने उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवला. दोन्ही बुटांच्या पुढच्या टोकात कापूस कोंबलेला होता. मोजे काढले तेव्हा रोहितने तोंडावर हात ठेवला. उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. डाव्या पायाला अंगठा तेवढा होता, पुढे नुसती गुळगुळीत, चकाकणारी कातडी.

"वर, बर्फात," चिमाजी पायाकडे बघत म्हणाला. "सहा दिवस वादळ होतं. चौघं एका तंबूत. बूट ओले झाले होते. दुखलं असतं तर बरं झालं असतं, वहिनी. पण ते दुखत नाय. आधी मुंग्या येतात, मग कायच कळत नाय, उलट बरं वाटतं. सातव्या दिवशी मोजा काढला तर एक बोट मोज्यातच राहिलं."

"आणि बाकीचे तिघं?" निवृत्तीने विचारलं. या घरात आपणहून प्रश्न विचारायची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

"दोघं आले खाली. एक नाय आला. अल्बममध्ये हे तो. चहाचा मग धरलेला."

नवसाबाईला अल्बममधला तो हसरा चेहरा आठवला. तिचा आवाज चढला. "मग हे पोरांना सांगत का नाय तुम्ही?"

"खोटं काय सांगितलं मी? मटण असतंच. कोटबी देतात. दोन बहिणींची लग्नं मी याच नोकरीवर केली. मला भरतीला नेलं त्या सुभेदारानंबी मला जेवणाचंच सांगितलं होतं." तो थांबला. "मी ठरवून लपवलं असं नाय. तिथनं आलेला माणूस जेवणाचंच बोलतो, वहिनी. बाकीचं तोंडात येत नाय. आणि पोरं धावायला लागली ना, की मला वाटतं माझेच पाय धावत्यात."

नवसाबाईला हवं होतं ते मिळालं होतं. पाटी उपडी झाली होती, तळ सगळ्यांनी बघितला होता. आता पोरगं घाबरेल, शहाणं होईल, हा विचार करून तिने ललितकडे पाहिलं.

ललित पुढे झाला. तो वाकला, त्याने त्या बोटं नसलेल्या पायावर हात ठेवला आणि तो हात कपाळाला लावला.

त्याच क्षणी नवसाबाईला कळलं की आपण डाव हरलो. मटणाच्या आणि कोटाच्या गप्पांनी पोरगं फार तर देवळालीपर्यंत गेलं असतं, पुढे कंटाळून परत आलं असतं. या पायाने त्याला पक्कं बांधून टाकलं. आणि हा पाय तिनेच उघडा करायला लावला होता. तिला रडू आलं ते दुःखापेक्षा स्वतःवरच्याच रागाने जास्त.

पण शब्द तिचा होता. तिने देवाच्या फोटोमागचा कागद काढला आणि नवऱ्यापुढे ठेवला. "करा सही."

त्या दिवशी चिमाजी आत बसून जेवला, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. त्याने तीनदा रस्सा मागून घेतला. गावात आल्यापासून पहिल्यांदाच कोणाच्या तरी दाराबाहेर त्याचे बूट एकटे पडले होते. वाढता वाढता नवसाबाईचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणे हवालदाराने शिटी वाजवायच्या आधी पोरांना भरावावर बसवलं आणि बूट काढले. त्यानंतर सात पोरं धावायला आली नाहीत. चार बायका नवसाबाईकडे येऊन तिचे आभार मानून गेल्या. तिने त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर चुलीपुढे बराच वेळ नुसती बसून राहिली.

नाशिकरोडला गाडीत बसवताना तिने ललितला एकच अट घातली. "रजेवर आलास की घरात शिरायच्या आधी मला पाय दाखवायचे."

"दाखवीन," तो हसत म्हणाला.

ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा आला तेव्हा त्याने स्वतःहून दोन्ही पाय वर करून नाचवून दाखवले होते आणि ट्रेनिंगच्या गमती सांगून सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं होतं. मग त्याची पलटण वर गेली. पत्रं यायला लागली, आंतरदेशीय, प्रत्येकात चार-पाच ओळी. मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. काळजी करू नये. रोहित मोठ्याने वाचून दाखवायचा आणि नवसाबाई म्हणायची, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं तरी पत्रात तेवढंच असायचं. एका पत्रात, काल शिरा केला होता, असं होतं. ते ऐकून निवृत्ती खूश झाला. ती मात्र त्या रात्री जेवली नाही.

दोन वेळा रजा मंजूर होऊन रद्द झाली. शेवटी २००२ ची दिवाळी सरल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, ललित रिक्षातून उतरला. चेहरा काळवंडलेला, गालांची सालं निघालेली, मिशी आलेली. रोहितने बॅग घेतली. तोही आता सोळा वर्षांचा झाला होता आणि तीन महिन्यांपासून पाटाच्या रस्त्यावर धावत होता. यावर घरात कोणी काही बोलत नसे.

नवसाबाई तांब्या घेऊन बाहेर आली.

"बूट काढ."

"आई, पाणी तर देशील का नाय?"

"आधी बूट."

तो ओट्यावर बसला. ती समोर खाली बसली आणि नाड्या तिनेच सोडल्या. मोजे हळूच ओढले. उजवा पाय मांडीवर घेऊन तिने एकेक बोट चाचपलं, दाबून पाहिलं, दाबलेली जागा पुन्हा लाल होते का ते बघितलं. मग डावा. मग पुन्हा उजव्यापासून. दहाच्या दहा होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"आता झालं समाधान?" निवृत्ती दारातून म्हणाला.

रोहित भावाला टेकून बसला होता. "दादा," त्याने विचारलं, "वर थंडी किती असते रे?"

ललितने तोंड उघडलं, आणि मिटलं. तो समोरच्या शेवंतीच्या वाफ्यांकडे बघत राहिला. मग हसला.

"जेवण लय भारी असतं," तो म्हणाला. "आठवड्यातून दोनदा मटण."

रोहित हसला, निवृत्ती हसला. नवसाबाईने मान वर केली. बोटं सगळी होती. मग काय राहिलं असेल तिथे, ते ती पोराच्या तोंडावर शोधू लागली. पाणी द्यायचं राहूनच गेलं, आणि मांडीवरचा पाय तिने सोडला नाही.