रूपाबाईची ओळ

चतुराबाईंनी हळदीचा गड्डा मोडायला उचलला आणि तो तसाच हातात राहिला. पाराजवळच्या भोंग्यातून व्हायोलिनं वाजू लागली होती. शिवशंकरच्या सत्काराला अजून थोडा वेळ होता, मंडपवाला आवाज तपासत होता.

समोर पोत्यावर बसलेल्या शिवशंकरनं नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. अर्धा तास झाला तो हळदीचा भाव, पाऊसपाणी, त्यांचे गुडघे असं काहीबाही बोलत होता. आणलेली साडी पिशवीतच होती आणि सांगायचं ते ओठांत.

गावातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारं हे कुरुंद्याचं पोरगं आधी पुण्याला गेलं, मग जर्मनीत जाऊन वाद्यवृंदाचं संचालन शिकलं. आता साठ वादक त्याच्या हातातल्या काडीकडे बघून वाजवायचे. 'हळद' ही त्याची रचना सात देशांत गाजली. तिच्या मध्यावर सगळा वाद्यवृंद अकरा ठोके गप्प होतो. त्या शांततेवर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती. सूर कुठून आला असं कुणी विचारलं, की तो सांगायचा, बाहेर बर्फ पडत होता, खिडकीशी उभा होतो, आपोआप सुचला.

सुचला कसला! नऊ वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला आला, तेव्हा याच शेतात चतुराबाईंना गायला लावून त्यानं तो मोबाइलवर उतरवून घेतला होता.

"हे माजंच गाणं हाय की रं," चतुराबाई म्हणाल्या.

"व्हय, मावशी." त्याची मान खाली गेली. "तुझंच हाय. मी लोकायला माझं म्हणून सांगितलं. तुझ्याकडं बघायची लाज वाटून राहिली मला."

"लाजायचं काय त्यात? मला माज्या आत्यानं शिकवलं. तिला कोणी शिकवलं, देव जाणे."

एवढ्यावर सुटलो, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली. तो पिशवीतली साडी काढू लागला.

तेवढ्यात भोंगा थांबला. अकरा ठोके. चतुराबाई कान देऊन पुढं वाकल्या, ओळखीचं माणूस दारात येणार असल्यासारख्या. मग व्हायोलिनं पुन्हा सुरू झाली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हितं काहून थांबले रं?"

"तू थांबली होतीस ना. मला वाटलं, दम घेतेस."

"दम? तवा का मी एवढी थकले व्हते?" त्या हसल्या आणि त्यांनी हातातला गड्डा खाली ठेवला. "ती रूपाबाईची ओळ हाय. तुज्या मायची."

हळद मोडताना बाया ढिगाच्या दोन अंगांना समोरासमोर बसत. एकीनं विचारायचं, दुसरीनं जबाब द्यायचा. जोडीदारीण गेली, की तिची ओळ दुसरीनं म्हणायची नाही. तेवढी जागा सोडून पुढं जायचं. तिच्या लेकरानं उचलली तर गोष्ट वेगळी.

"तू मोबाइल धरून बसला, मला वाटलं, आता म्हणंल. तू गपच. आज साठ माणसं वाजवून राहिले म्हणे. म्हणलं, आज तरी रूपाबाई येईल."

त्यांनी पिवळे हात पदराला पुसले, ताठ बसल्या आणि हलक्या आवाजात म्हटलं, "हळद गं हळद, हात कुणाचे पिवळे?"

आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या.

लहानपणी अशाच ढिगाच्या सावलीत तो झोळीत झोपायचा. ओळ कानावरून हजारदा गेली असेल. पुढं आई फोनवर म्हणायची, शिवा, गाणं म्हणू का रं? तो म्हणायचा, तालीम आहे माय, मग ऐकतो. त्यानं पुष्कळ आठवून पाहिलं. एक शब्द हाती लागला नाही, सूरही नाही.

"मला येत न्हाई, मावशी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू म्हणून दाखव ना. एकदाच."

"मी कशी म्हणू, बाबा? तिची हाय."

पारावरून कुणीतरी त्याचं नाव पुकारलं, कुरुंद्याचं नाव जगात नेणारे वगैरे. मंडपवाल्यानं रचना पुन्हा पहिल्यापासून लावली. दोघंही बसून राहिले. सूर त्या जागेपाशी आला, तसा शिवशंकरचा हात सवयीनं वर गेला, सगळ्यांना गप्प करायला. तो हात त्याला दिसला आणि त्यानं तो खाली घेतला.

भोंगा थांबला. चतुराबाईंनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, तेवढी जागा सोडली आणि पुढचा गड्डा उचलला.