पांढऱ्या रेघेची वाट

कल्पना करा, तुम्ही शहराच्या मधोमध असलेल्या एका टेकडीच्या पायथ्याशी उभे आहात. टेकडीवर बाग आहे, आणि अगदी माथ्यावर युद्धात गेलेल्या सैनिकांची नावं कोरलेला काळा दगड. तिथे जायला चौऱ्याऐंशी पायऱ्या. दमलात ना नुसतं ऐकून?

बागेच्या माळ्याची मुलगी मात्र त्या पायऱ्या चुटकीसरशी चढायची, म्हणून सगळे तिला खार म्हणत. काठीवाले आजोबा रोज यायचे आणि खालच्याच बाकावर टेकायचे. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव वर तिसऱ्या ओळीत होतं. पण गुडघ्यांनी दगा दिला होता. चार वर्षांत त्या नावाला त्यांचा हात लागला नव्हता.

आता पायऱ्या न चढता वर जाता यावं म्हणून नवी वाट होणार होती. उद्या सकाळी खणायला माणसं येणार होती. खारीच्या बाबांनी फक्कीची पांढरी रेघ आखली, ती थेट माथ्यापर्यंत, सरळसोट. त्यांचे पाय दणकट, त्यांना त्यात काही वावगं दिसेना.

खारीने ढकलगाडीत पाण्याची भरलेली बादली ठेवली आणि रेघेवरून गाडी रेटू लागली. दहा पावलांत अर्धी बादली तिच्याच फ्रॉकवर.

बाबा हसले. "तुझ्या हातात जोर नाही गं."

"आजोबांच्या गुडघ्यात तरी कुठे आहे?"

बाबांचं हसू विरलं. त्यांनी चढाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि फक्कीचा डबा तिच्या हातात दिला.

खार आजोबांकडे गेली. तिने त्यांना पुढे चालायला सांगितलं. चढ जड वाटला की आडवं वळायचं, दम लागला की थांबायचं. आजोबा म्हणाले, एवढ्याशा पोरीचा हुकूम मोडायची माझी काय हिंमत. ते निघाले. मागे खार रेघ ओढत होती, ते थांबतील तिथे बाकासाठी एक गोल काढत होती. बाबा बादली भरून गाडी ढकलत मागे. रेघ नागमोडी झाली, पाच गोल झाले, पण बादलीतलं पाणी सांडलं नाही.

माथ्यावर आजोबांनी काठी दगडाला टेकवली आणि तिसऱ्या ओळीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

खारीने त्यांना एकटं सोडलं, आणि बाबांची सरळ रेघ चपलेने पुसत पुसत ती खाली उतरली.