विसरोबांची शपथ

तेहेतीस वर्षं वहिनींनी नवऱ्याची वाक्यं सांभाळली. नाटक कुठलंही असो, संहिता मांडीवर घेऊन त्या बसायच्या आणि विसरोबा येरझाऱ्या घालत पाठ करायचे. हो, विसरोबाच! अख्खं शहर त्यांना याच नावाने ओळखायचं. डोक्यावरचीच टोपी घरभर शोधणारा, स्वतःच्या लग्नात पाहुण्यांच्या रांगेत बसणारा विसरभोळा माणूस त्यांनी रंगमंचावर असा काही रंगवला, की खरं नाव नुसतं दारावरच्या पाटीपुरतं उरलं. प्रत्यक्षात मात्र त्यांची स्मरणशक्ती दृष्ट लागावी अशी होती. लागलीच शेवटी.

एक गोष्ट मात्र वहिनींच्या हाती कधी आली नाही. विसरोबा ‘फ्रीमेसन’ या गुप्त बंधुसंघाचे सभासद होते. महिन्यातून एका दुपारी काळा कोट चढवून, चामडी पेटी घेऊन निघायचे. नव्या नवरीला ‘जरा लॉजवर जाऊन येतो’ असं सांगणारा नवरा! माहेरी कळलं असतं तर हाहाकार उडाला असता. पुढे कळलं, की लॉज म्हणजे या संघाची सभा भरते ती जागा, आणि तिथे पुरुषमंडळी एप्रन बांधून जुने विधी तोंडपाठ म्हणतात आणि गाजावाजा न करता लोकांना मदत करतात. मुलांच्या इस्पितळातला तीस खाटांचा विभाग विसरोबांनी या बंधूंचं डोकं खाऊन खाऊन उभा करवला, आणि त्याला विसरोबांचं नाव द्यायला निघालेल्यांना त्यांनी चक्क हाकलून दिलं.

‘‘आत बोलता तरी काय एवढं?’’ वहिनी विचारायच्या.

‘‘शपथ आहे गं. तुलासुद्धा नाही सांगायचं.’’ मग जरा थांबून म्हणायचे, ‘‘तिथे एक बरं असतं. मला बघून कुणी हसत नाही.’’

विसरोबा अधूनमधून त्या विभागातल्या पोरांना हसवायला जायचे. यंदा उन्हाळ्यात तिथल्या सिस्टरचा फोन आला. ‘‘वहिनी, काका आज दोनदा आले! तीच टोपीची गंमत पुन्हा पहिल्यापासून. पोरं नुसती लोळली!’’ सिस्टरलाही हसू आवरत नव्हतं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. एकदा जाऊन आल्याचं ते विसरले होते, हे त्यांना कळलं.

आणि एक दिवस विसरोबांनी लॉजच्या विधींचं एक छोटं निळं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. लॉजचं प्रमुखपद त्यांच्याकडे येणार होतं. पद घ्यायच्या दिवशी त्यातलं भलंमोठं भाषण करायचं, तेही कागद न बघता.

‘‘धर,’’ ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. ‘‘डोक्यात राहत नाही गं.’’

तेहेतीस वर्षं पाळलेली शपथ हा माणूस मोडतो, म्हणजे किती घाबरला असेल!

‘‘आपण डॉक्टरांकडे जाऊ या.’’

‘‘आधी हे पार पडू दे. आणि कुणाला कळता कामा नये. हे पुस्तक तू बघितलंस असं कळलं, तर एप्रन काढून घेतील माझा. आणि मी खरंच विसरतोय म्हटलं, तर हसतील.’’

महिनाभर दोघं घोकत बसली. गाडी दर वेळी एकाच वाक्याला अडायची. वहिनींना मात्र सगळं पुस्तक पाठ झालं. कशाला झालं, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

समारंभ दुपारी होता. बायका शेजारच्या जेवणघरात चहा घेत बसल्या होत्या. मधलं दार बंद, दाराशी तलवार घेऊन द्वारपाल. हा द्वारपाल म्हणजे शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. तलवार छडीसारखी धरून उभे. आतून विसरोबांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण चढउतारांवरून वहिनी मनातल्या मनात बरोबर चालल्या होत्या. ते वाक्य जवळ आलं. आवाज थांबला.

आणि आत हशा पिकला.

‘‘अगं बाई! वहिनी, तुमच्या ह्यांनी आतसुद्धा सोडलं नाही कुणाला!’’ बायका टाळ्या देऊ लागल्या.

वहिनी उठल्या. गप्प बसावं, तर तो माणूस तिथे हशात बुडतोय. बोलावं, तर शपथ मोडल्याचं उघड होणार. त्या सरळ दारापाशी गेल्या.

‘‘मास्तर, ते गंमत नाही करत आहेत. खरंच अडलेत. त्यांना वाक्य द्या.’’

‘‘कुठलं वाक्य, वहिनी? आणि तुम्हाला कसं...’’

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘या दारातून तू आत आलास, तेव्हा तुझे हात रिकामे होते. ते आठव, आणि मग दे.’’

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी दारावर थाप मारली आणि ते आत गेले.

हसणं एकदम बंद झालं. थोड्या वेळाने विसरोबांचा आवाज पुन्हा सुरू झाला, तो शेवटपर्यंत थांबला नाही. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

दार उघडलं. गळ्यात प्रमुखाचा पट्टा घालून विसरोबा बाहेर आले, लहान मुलासारखे खूश.

‘‘झकास झालं! एकदाच अडखळलो, मास्तरांनी सावरून घेतलं.’’

‘‘कुठे अडखळलात हो?’’

विसरोबांनी बोट ओठांवर ठेवलं. ‘‘ते नाही विचारायचं. शपथ आहे. तेहेतीस वर्षांत एक अक्षर तरी सांगितलंय का तुला?’’

वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मागे मास्तर तलवार खाली करून जमिनीकडे बघत उभे होते.

वहिनींनी नवऱ्याच्या गळ्यातला पट्टा सरळ केला.

‘‘नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक अक्षरही नाही.’’