टिटवीच्या डोळ्यात मुक्कामाला आलेला विषाणू

मित्रांनो, मी एक विषाणू आहे. ऐकल्या ऐकल्या हात धुवायला पळू नका. माझ्यापासून तुम्हाला साधी सर्दीसुद्धा होणार नाही. आमची शाखा मुळातच गरीब स्वभावाची. पण चुलत घराण्यांनी जगभर जे प्रताप केले, त्यामुळे आमचे आडनावच बदनाम झाले आहे. विषाणू म्हटले, की लोक दार लावून घेतात.

खरे सांगायचे तर आम्हाला एकच गोष्ट उत्तम जमते. ती म्हणजे शरीरातल्या पेशीच्या आत शिरणे. आत गेल्यावर विषाणू आपलेच घोडे पुढे दामटतो आणि पेशी बिचारी स्वतःचे काम टाकून त्याची पिलावळ वाढवत बसते. मग शहाण्या माणसांना वाटले, की या घुसखोराचे पोट रिकामे करून त्यात एखादा चांगला निरोप, म्हणजे पेशीला न येणारे काम शिकवणारी सूचना, भरला तर? हे बोलण्याइतके सोपे नव्हते. काही प्रयत्न सपशेल फसले, आणि औषध घ्यायला आपणहून पुढे आलेल्या काही रुग्णांनी त्याची किंमत जिवाने मोजली. त्यांना मी पाहिलेले नाही, पण त्यांच्यावाचून मी घडलोच नसतो. म्हणून त्यांना पहिला नमस्कार.

माझा जन्म एका प्रयोगशाळेतल्या कोमट टाकीत झाला. तिथल्या संशोधक बाई कमालीच्या काटेकोर होत्या. गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून त्यांनी आम्हा भावंडांना पाखडून काढले. ज्यांच्या पोटात निरोप नव्हता, ते बाहेर. तपासण्यांमागून तपासण्या झाल्या. शेवटी कोट्यवधी भावंडांसह मी एका बोटभर कुपीत जाऊन बसलो. झाकण बसवताना बाई पुटपुटल्या, "जा बाबांनो, शहाण्यासारखं वागा." त्यांचा मदतनीस हसला. यांना कुठे कान आहेत, असे तो म्हणाला. बाई म्हणाल्या, ऐकू येत नसेल तर नसो, सांगायला आपले काय जाते?

मला ऐकू आले होते. मग मला हाडे गोठवणाऱ्या थंडीत ठेवले. मला हाडे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ज्या मुलीसाठी मी निघालो होतो, तिला घरात सगळे टिटवी म्हणत, कारण ती जागी असेपर्यंत तिचे तोंड बंद नसे. टिटवीच्या डोळ्यांत जन्मापासून एक उणीव होती. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर उजेड पडला, की तिथला एक पदार्थ खर्ची पडतो. तो पुन्हा तयार करून देणे हे पडद्यामागच्या पेशींचे काम. टिटवीच्या त्या पेशींना हे काम करायचे कसे, तेच ठाऊक नव्हते. त्यामुळे दिवसा तिला धूसर दिसे आणि दिवस कलला की जवळजवळ काहीच नाही. जेवताना पेला लवंडे, चौकटीवर कपाळ आपटे. तिच्या ताईचेही लहानपणी असेच झाले होते. ताई आता मोठी झाली होती, आणि तिचे डोळे पुरते विझले होते. ती पांढरी काठी घेऊन कामावर जाई आणि स्वतःचे सगळे स्वतः करी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मला थंडीतून बाहेर काढले. एकदा वितळलो, की आमचे आयुष्य फक्त काही तासांचे. त्यात डोळ्यात पोचलो तर पोचलो, नाहीतर रवानगी कचऱ्यात. सगळी तयारी झाली, परिचारिकेने दार उघडले, आणि दारातच, चाकांच्या फिरत्या खाटेवर, टिटवी अडून बसली. मी आत येणार नाही, म्हणाली.

सगळ्यांना वाटले, पोर घाबरली. आईने समजूत घातली, परिचारिकेने गोष्ट सांगायचे कबूल केले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तिच्यासमोर वाकल्या आणि त्यांनी नीट विचारले. तेव्हा टिटवी म्हणाली, "आधी ताईला द्या. ती माझ्याहून मोठी आहे."

आई भिंतीला टेकून उभी होती. एकदा एका लेकीकडे पाही, एकदा दुसरीकडे. मी तिकडे तबकात वितळून पडलेला. वेळ चालला होता, पण मला घाई करायचा धीर होईना. डॉक्टरीणबाईंनी बजावले, की मुलीवर जबरदस्ती करायची नाही. औषध वाया गेले तरी चालेल.

काठी टेकत ताई पुढे आली. चाचपडत तिने टिटवीचा पाय धरला आणि त्या फिरत्या खाटेच्या कडेवर बसली.

"मला देऊन उपयोग नाही गं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांतल्या त्या पेशी कधीच गेल्या. ज्या घरात कुणी राहत नाही, तिथे निरोप द्यायचा कुणाला?"

"मग मला दिसायला लागलं, तर तुला राग नाही येणार?"

ताईने काठी मांडीवर आडवी घेतली. "येईल. थोडा येईल. काल रात्रीही आला होता. पण माझ्यासाठी म्हणून तू अंधारात राहिलीस ना, तर कधीच न जाणारा राग येईल."

टिटवीने ताईचा हात घट्ट दाबून धरला. मग ताईचा हात सोडला आणि आडवी झाली.

केसासारख्या बारीक नळीतून मी तिच्या पडद्यामागे उतरलो. पेशीने मला आत घेतले. केंद्रकापर्यंत पोचता पोचता माझे कवच गळून पडले आणि मी म्हणजे नुसता निरोप उरलो. मित्रांनो, मला दुःख झाले नाही. ज्यासाठी वाढवले, ते हातून होत होते.

पण लगेच चमत्कार झाला, असे समजू नका. पट्टी निघाली तरी टिटवी ठेचकाळतच होती. हे जमेलच असे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते. आई रोज तिच्याकडे निरखून पाही. पेशी नवे काम शिकत होती, मी सांगत होतो. काही दिवसांनी दुसऱ्या डोळ्यात माझी भावंडे गेली, तीही कामाला लागली.

मग एका संध्याकाळी ताई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. दिवा लावायला आई उठली, तशी टिटवी म्हणाली, "थांब. लावू नकोस." खुर्ची चुकवून, बादलीला वळसा घालून ती ताईसमोर येऊन उभी राहिली, आणि चक्क गप्प बसली.

"काय झालं?" ताईने विचारले.

"तुझ्या हनुवटीवर खळी आहे."

ताईने बोटाने चाचपून पाहिले. "ही? मला वाटायचं, लहानपणी पडले त्याची खूण आहे."

"नाही. खळी आहे. छान दिसते."

ताईने हातातला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. आमच्या घरात त्या दिवशी दिवा बराच उशिरा लागला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या ओळखीचे कुणी तिन्हीसांजेला अडखळत असेल, तर त्याला धांदरट म्हणून हसू नका. घरच्यांना सांगा, डोळे वेळेवर तपासून घ्या. ताईच्या वेळी माझ्यासारखे कुणी नव्हते. विझलेल्या पेशींसाठी काही करता येईल का, याचा शोध प्रयोगशाळेतल्या त्या बाई अजून घेत आहेत. त्यांना वेळ द्या. आणि कुणाचे कूळ वाईट म्हणून त्याला टाकून देऊ नका. माझ्यासारख्या घुसखोराकडूनही काही बरे होईल, असे कुणाला तरी वाटले, म्हणून मला या डोळ्यात राहायला मिळाले.

माझे काम संपत नाही. उजेड आला, की खर्ची पडलेले रोज नव्याने तयार करून द्यावे लागते. बघा, टिटवी कूस बदलते आहे. पापणी हलली. येतो मी, कामाची वेळ झाली.