ओल्या फरशीपलीकडे

मित्रांनो, मी ग्वाल्हेरच्या पडाव नावाच्या वस्तीतली एक जुनी फरशी आहे. मला बघायला आलात तर मी दिसणार नाही. माझ्या अंगावर आता दुसरी फरशी चढली आहे आणि तिच्याखाली मी पडून आहे. हलता येत नाही, उजेड येत नाही. ऐकू मात्र येतं, आणि आठवतं.

माझा जन्म १९५४ सालच्या चैत्रातला. डॉक्टर मुकुंदरावांनी घराला लागून दोन खोल्यांचा दवाखाना बांधला होता. पुढची खोली रोग्यांना बसायला, आतली तपासायला. आतल्या खोलीला गजांची एक खिडकी होती, पण बाहेरचं दार नव्हतं. यायचं-जायचं ते पुढच्या खोलीतून, व्हरांड्यातल्या एकाच दारानं. डॉक्टरांच्या पत्नी लीलाताई यांना साधा कोबा नको होता. त्यांना रंगीत चिप्सची जमीन हवी होती. म्हणून खालचं काँक्रीट कडक झाल्यावर त्यांनी कान्होजी मिस्त्रीला बोलावलं.

कान्होजी उंच, ताठ, भरघोस मिशांचा. त्यानं काँक्रीट टोचून खरबरीत केलं, धुतलं, त्यावर काचेच्या पट्ट्या उभ्या करून चौकटी आखल्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये पिवळा रंग मिसळला, संगमरवराच्या पांढऱ्या, काळ्या, हिरवट कपच्या घातल्या आणि मला एकेका चौकटीत ओतलं. वरून रूळ फिरवला. मग गुरमाळ्यानं, म्हणजे त्या पोलादी पट्टीच्या हत्यारानं, हळूहळू सपाट केलं. मी जन्मले ती अशी, चारी बाजूंनी काचेत अडकून. ओतलं तिथेच आयुष्यभर राहायचं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. माणसंही अशीच अडकतात, हे मात्र कान्होजीमुळे कळलं.

तो रोज सकाळी इस्त्रीचा खाकी कोट घालून यायचा. कोट व्हरांड्यातल्या खुंटीला लावायचा, पिशवीतून फाटका लेंगा-बंडी काढून घालायचा आणि कामाला बसायचा. संध्याकाळी हातांना तेल चोळून, नखं खरडून सिमेंटचा मागमूस घालवायचा. मग पुन्हा कोट. कुणाला वाटावं, हा आत्ताच कवायतीवरून आला आहे. हा एवढा खटाटोप कशासाठी, ते मला कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी लीलाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. व्हरांडा मोठा, म्हणून बैठक तिथेच.

“कान्होजी, चार वाजता बायका येतील,” त्या म्हणाल्या. “तोवर दाराजवळचा तुकडा उरकून टाकाल ना?”

“तीनलाच बाहेर पडतो, बाईसाहेब.”

माझा तेवढाच भाग उरला होता. दाराला लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दारापासून आत नऊ फूट. बाकीची मी दोन-तीन दिवसांत घट्ट झाले होते. आतून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडायचं, असा त्याचा बेत होता. घमेल्यात माल कालवून तयार होता.

तेवढ्यात व्हरांड्यात बांगड्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, “लवकर आलो ना आम्ही? म्हटलं, आंब्याची डाळ वाटायला मदत होईल.”

कान्होजीचा हात थांबला. तो आवाज त्याच्या बायकोचा होता, सुलोचनाबाईंचा. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई, शांताताई, त्यांच्याबरोबर आल्या होत्या.

कालवलेलं सिमेंट कुणासाठी थांबत नाही. कान्होजीनं दाराकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. मग त्यानं दार आतून ओढून घेतलं आणि काम उंबऱ्यापासून सुरू केलं. मला वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलं! पण तो समजून-उमजून मागे सरकत होता, बाहेर नव्हे, आत. एक हात घाईचा नाही की एक कपची उंच नाही. काम संपलं तेव्हा त्याच्या आणि जगाच्या मध्ये माझी नऊ फूट ओली पाठ पसरली होती.

तो आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसला. पाण्याचा माठ व्हरांड्यात. चैत्रातली दुपार, ग्वाल्हेरची. खिडकीतून लूच्या गरम झळा आत येत होत्या. बाहेर हसणं, वाट्यांचे आवाज, पन्ह्याचा वेलदोड्याचा वास. तो ओठांवरून जीभ फिरवत होता. त्याला माझ्यावरून जाता येत नव्हतं, मला बाजूला होता येत नव्हतं.

चारनंतर लीलाताईंनी दार उघडलं. “बघायचीय ना नवी फरशी? उंबऱ्यावरूनच बघा हं, ओली आहे.”

सगळ्याजणी वाकल्या. “काय सुरेख हो! मिस्त्री कुठला?”

“आपला मराठीच आहे, दक्षिणी. कान्होजी नावाचा. संस्थानच्या फौजेत होता म्हणे. गेला बहुतेक. पण कोट विसरलेला दिसतोय.”

एका हातातल्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. सुलोचनाबाईंनी खुंटीकडे पाहिलं. कोटाचं तिसरं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. खाकी दोरा संपला होता म्हणून त्यांनीच परवा तसं शिवलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इकडून तिकडे, नीट. पलीकडच्या वाळलेल्या भागावर त्याचं रिकामं घमेलं होतं, आणि बाहेर येणारं एकही पाऊल माझ्यावर उमटलेलं नव्हतं.

त्या बैठकीत परत गेल्या. कुंकू लावून घेतलं, हरभऱ्यांची ओटी घेतली आणि बायका जाईपर्यंत बसून राहिल्या. उन्हं कलल्यावर म्हणाल्या, “लीलाताई, एक शिडी मिळेल का?”

“शिडी? कशाला गं?”

“आत आमचे हे आहेत. दुपारपासून पाण्यावाचून.”

लीलाताई बघतच राहिल्या. मग धावपळ करून बांबूची शिडी आणली आणि उंबऱ्यापासून माझ्या वाळलेल्या भागापर्यंत आडवी टाकली. बाहेरचं टोक शांताताईंनी धरलं.

“अहो, या,” सुलोचनाबाईंनी हाक मारली.

आतून आवाज आला. “तू घरी जा. मी सकाळी येतो. शेजारी विचारलं तर सांग, गिरणीत रात्रपाळी आहे.”

“शेजाऱ्यांना सांगेन हो. आणि मी स्वतःला काय सांगू?”

तो बाहेर यायला तयार होईना. तेव्हा सुलोचनाबाईंनी नऊवारीचा पदर खोचला, पन्ह्याचा तांब्या एका हातात धरला आणि त्या शिडीवर चढल्या. शिडी मध्ये वाकली. तिच्या कांड्या माझ्यापासून दोन बोटांवर आल्या. मी श्वास घेत असते तर तो रोखून धरला असता. एक एक कांडी धरत त्या पलीकडे पोहोचल्या.

कान्होजीनं तांब्या एका दमात रिकामा केला. मान वर केली नाही.

“गिरणीतली नोकरी?” त्यांनी विचारलं.

“संस्थान विलीन झालं, आमची पलटण मोडली, ते तुला ठाऊकच आहे. गिरणीच्या फाटकावर जमादार म्हणून लागलो, तेही खरं. पण त्यांनी चार महिन्यांत कमी केलं. त्याला तीन वर्षं झाली.”

“तीन वर्षं!”

“तुझ्या भावांना काय सांगणार होतो? तुमचा मेहुणा लोकांच्या घरी गुडघ्यांवर बसून फरश्या घोटतो म्हणून?”

सुलोचनाबाईंनी रिकामा तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला. “शांताताईंनी दोनदा बोलावलं मला. शाळेत शिवण शिकवायला ये म्हणाल्या. तुम्ही काय म्हणालात? जमादाराची बायको नोकरी करत नाही. मी ऐकलं. खासगी बाजारातल्या आपल्या त्या दीड खोलीत बसून राहिले. तुम्ही जमादार नव्हतातच. मी एकटीच जमादारीण होऊन बसले होते.”

कान्होजीनं तेव्हा कुठे बायकोकडे पाहिलं. “मला वाटत होतं,” तो म्हणाला, “मी एकटाच अडकलोय.”

“उद्यापासून मी शाळेत जाणार. विचारत नाहीये, सांगतेय.”

“आणि मी?”

“तुम्ही आधी बाहेर चला. याच कपड्यांत.”

त्यानं शिडी हातानं दाबून पाहिली आणि सुलोचनाबाईंना पुढे पाठवलं. मग तो निघाला, चार हातापायांवर. मध्यावर येऊन थांबला. मला वाटलं, याचा धीर सुटला. पण त्याची नजर माझ्यावर होती. डावीकडे एक काळी कपची किंचित वर आली होती. त्यानं कमरेचा गुरमाळा काढला, शिडीवरून वाकून ती अलगद दाबून बसवली आणि पुढे सरकला. व्हरांड्यात पोहोचल्यावर लीलाताईंनी त्याला चटईवर बसवून डाळ दिली. मळक्या बंडीतच तो ती खात होता. कोट सुलोचनाबाईंनी आपल्या हातावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तो लीलाताईंना हसत हसत सांगत होता, “वाटेत टांगेवाला म्हणाला, क्या जमादार साहब, आज ये क्या हाल? मी म्हटलं, मिस्त्री कहो भैया, मिस्त्री.”

त्यानंतर आठ दिवस त्यानं मला बट्टीनं, म्हणजे घोटायच्या दगडानं, घोटलं. आधी जाड, मग बारीक. शेवटी मेण लावलं तेव्हा माझ्यात खिडकीचे गज दिसू लागले. रोगी मला बघून चपला बाहेर काढत. पण माझं कौतुक दोनच वर्षं टिकलं. १९५६ च्या नोव्हेंबरात मध्य भारत राज्य संपलं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या, सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांचीही बदली झाली. “ही फरशी नेता आली असती तर,” असं म्हणत लीलाताई टांग्यात बसल्या. ज्यांना जाता येत होतं ते सगळे गेले. मी राहिले.

मग ट्रान्सपोर्टचं ऑफिस आलं. माझ्यावरून लोखंडी पेट्या ओढल्या. ग्रीस सांडलं, बॅटरीचं पाणी सांडलं, कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या मारल्या. माझी चमक गेली, मग रंग गेला. साठ वर्षांत मला कुणी एकदाही घोटलं नाही.

अलीकडे इथे रक्त तपासायची लॅब आली. नवी फरशी घालायला वनमाला नावाची ठेकेदारीण आली. तिनं हातोडीच्या दांड्यानं मला कोपऱ्या-कोपऱ्यांत ठोकून पाहिलं आणि आपल्या माणसांना म्हणाली, “कमाल है! एवढी जुनी, पण कुठेच पोकळ नाही. कुणी घातली असेल?”

कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कोण विचारणार?

मग मशीननं माझी वरची साल घासली, धूळ ओढून घेतली. इपॉक्सीचा चिकट थर माझ्यावर ओतला. वनमाला खिळ्यांचे बूट घालून त्या ओल्या थरात चालली आणि मुठी भरभरून रंगीत फ्लेक्स, म्हणजे पातळ चकत्या, उधळत गेली. सुकल्यावर वरून काचेसारखा लेप दिला. काम चोख होतं, तक्रार नाही. फक्त तेव्हापासून माझ्याकडे अंधार आहे.

मित्रांनो, आम्हा फरश्यांना कुठे जाता येत नाही. पेटी ओढलीत तर ओरखडा सोसावा लागतो, आणि पुसलंत तर तेही इथेच कळतं. म्हणून एक मागणं आहे. एखादी गुळगुळीत फरशी दिसली की क्षणभर गुडघे टेका आणि तिच्यावरून तळहात फिरवा. कुणीतरी याच उंचीवरून दिवसभर जग पाहिलं आहे, ते कळेल. मग उठा, आणि चपला दाराबाहेर काढून आत या.